लाकडी धनुष्याच्या दोरीचा फटका हातावर बसू नये म्हणून

लाकडी धनुष्य हातात घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सुरुवातीच्या दिवसांत दोरीचा फटका बसतो. बाण सुटतो, दोरी जोरात पुढे येते आणि वाटेत धनुष्य धरलेल्या हाताची आतली बाजू आली की मनगट ते कोपर यांच्यामध्ये कुठेतरी सणसणीत वळ उठतो. कातडी आधी लाल होते, दुसऱ्या दिवशी काळीनिळी पडते. अशा वेळी आजूबाजूचे अनुभवी लोक हमखास म्हणतात, ‘चालायचंच, सवय होईल.’ मला हा सल्ला अजिबात पटत नाही. फटका बसतो याचा अर्थ हात दोरीच्या वाटेत आहे, आणि तो वाटेतून बाजूला काढता येतो. त्यासाठी ताकद लागत नाही. आपण धनुष्य कसं धरतो, कोपर कुठे वळवतो आणि दोरी किती ताणून बांधली आहे, एवढं नीट बघावं लागतं.

पुढचं सगळं डाव्या हातात धनुष्य धरून उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोरी ओढणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. अंगठ्याने दोरी ओढण्याच्या मंगोल, कोरियन किंवा तुर्की पद्धतीत बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला असतो आणि सुटताना दोरीही दुसरीकडे सरकते, त्यामुळे ते शिकणाऱ्यांना इथलं सगळंच्या सगळं लागू होणार नाही.

आधी वळ कुठे उठलाय ते बघा

फटका बसला की हात चोळत लगेच पुढचा बाण लावू नका. आधी जागा बघा, कारण कुठे लागलं यावरून काय चुकलं ते बरंचसं कळतं.

वळ मनगटाजवळ असेल तर बहुतेक वेळा दोरी सैल आहे, म्हणजे धनुष्य आणि दोरी यांतलं अंतर कमी आहे, किंवा पंजा धनुष्याच्या मुठीवर चुकीचा बसून मनगट आत आलं आहे. हाताच्या मधोमध किंवा कोपराच्या जवळ लागलं असेल तर कोपर वळवलेलं नाही किंवा खांदा आत घुसला आहे. कोपराच्या वर, दंडाला लागलं तर खांद्याचाच दोष धरून चाला. क्वचित शर्टाची बाही किंवा छातीवरचा खिसाच दोरीत अडकलेला असतो.

दुसरी एक गोष्ट मोजून बघा. धनुष्याच्या मुठीपासून वळापर्यंतचं अंतर घ्या. बाण साधारण तिथेच दोरीला सोडून जातो जिथे दोरी न ओढता उभी असते. ती जागा मुठीपासून ६ इंचांवर असेल आणि तुमचा वळ १० इंचांवर असेल, तर बाण अजून दोरीतच होता तेव्हा दोरी हाताला घासली. म्हणजे नुसता हात दुखला एवढ्यावर भागलं नाही, बाणाची दिशाही बिघडली. आपला नेम का चुकतो हे न कळणाऱ्या कित्येक नवशिक्यांचं उत्तर त्यांच्या हातावरच उमटलेलं असतं. वळ ६ इंचांच्या आत, मनगटाकडे असेल तर बाण बहुतेक निघून गेलेला असतो आणि पुढे थरथरत गेलेली दोरी नंतर लागलेली असते. दुखतं दोन्ही, पण पहिल्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं.

ब्रेस हाइट मोजा

धनुष्याला दोरी चढवल्यावर मुठीचा सर्वांत खोल भाग आणि दोरी यांच्यातलं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. बाणाच्या दिशेत, दोरीला काटकोनात पट्टी धरून मोजायचं. लांब, सरळ लाकडी धनुष्याला हे अंतर साधारण ६ ते ७ इंच, म्हणजे १५ ते १८ सेंटिमीटर असतं. टोकं पुढे वळलेल्या रिकर्व्हला ७ ते ९ इंच. बनवणाऱ्याने तुमच्या धनुष्यासाठी आकडा दिला असेल तर तोच खरा, माझा नाही.

मैदानावर पट्टी नसली तरी अडत नाही. मूठ वळा, अंगठा ताठ उभा करा आणि मूठ धनुष्याच्या मुठीवर टेकवा. अंगठ्याचं टोक दोरीला लागेल-न लागेल असं असलं तर सरळ धनुष्याचं अंतर ठीक आहे. इंग्लिश लाँगबो वापरणारे ही मोजणी शतकानुशतकं करत आले आहेत. प्रत्येकाची मूठ वेगळी असल्याने एकदा पट्टीने मोजून आपल्या अंगठ्याशी ताडून ठेवावं.

अंतर कमी असेल तर दोरी उभी असतानाच मनगटाच्या अगदी जवळ असते, आणि बाण सुटल्यावर ती आणखी पुढे येऊन फटकारते. अशा वेळी कोपर कितीही वळवा, मनगट वाचत नाही. म्हणून धरण्या-उभं राहण्यातले दोष शोधण्याआधी हे मोजमाप करून टाकावं. दोन मिनिटांचं काम आहे.

दोरी नवी असेल तर हे अंतर दर वेळी मोजा. डॅक्रॉनची, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची, नवी दोरी पहिल्या काही सत्रांत ताणून लांब होते आणि ब्रेस हाइट हळूच उतरत जाते. कालपर्यंत लागत नव्हतं, आज अचानक लागायला लागलं, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी दोरी कधी बदलली ते विचारतो.

दोरीला पीळ देऊन अंतर वाढवणं

ब्रेस हाइट वाढवायची तर दोरी आखडायची, आणि दोरी आखडते पिळाने. धनुष्यावरून दोरी उतरवा. दोरी चढवताना-उतरवताना स्ट्रिंगर, म्हणजे दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायची वेगळी दोरी, वापरा. पायात अडकवून धनुष्य वाकवलं की लाकूड पिळवटतं आणि धनुष्य निसटलं तर तोंडावर येतं. दोरी उतरली की एका टोकाचा फास खाचेतून काढा आणि दोरीच्या मूळ पिळाच्याच दिशेने चार-पाच वेढे द्या. पेड वळून केलेल्या फ्लेमिश दोरीला उलटा पीळ दिला तर ती उकलायला लागते आणि फासच सुटू शकतो. एका अखंड धाग्याच्या फेऱ्यांनी केलेल्या दोरीला स्वतःचा असा पीळ नसतो. तिथे मधल्या भागावर गुंडाळलेला धागा, म्हणजे सर्व्हिंग, ज्या दिशेने घट्ट होईल त्या दिशेने पीळ द्यायचा.

परत दोरी चढवा, मोजा. दोरी जराशी आखडली तरी ब्रेस हाइट त्याहून बरीच जास्त वाढते, म्हणून एकदम वीस वेढे देऊ नका. चार-पाच वेढे, मोजमाप, दोन-तीन बाण, पुन्हा मोजमाप, असं चालू द्या. पीळ इतका झाला की दोरी स्वतःभोवती गाठोळायला लागली, तर ती दोरी त्या धनुष्याला लांब आहे. नवी, आखूड दोरी घ्या. सरळ लाकडी धनुष्याची दोरी धनुष्याच्या नोंदलेल्या लांबीपेक्षा साधारण ३ इंच कमी असते, रिकर्व्हची साधारण ४ इंच.

इथे एक मोह आवरायला हवा. ब्रेस हाइट वाढवल्याने मनगट वाचलं, मग आणखी वाढवू, असं करू नका. दोरी मुठीपासून जितकी लांब उभी, तितका बाणाला ढकलण्याचा तिचा पल्ला कमी, म्हणून बाण मंदावतो. त्याहून वाईट म्हणजे लाकूड सतत जास्त वाकलेलं राहतं आणि त्याला कायमचा बाक बसतो. फायबरग्लासचं धनुष्य हे काही काळ सोसेल, नुसत्या लाकडाचं सोसणार नाही. आणि फास्ट फ्लाइटसारखी न ताणणारी दोरी ‘चांगली’ म्हणून लाकडी धनुष्यावर चढवू नका, बनवणाऱ्याने तशी परवानगी दिली असेल तरच. तिचा झटका टोकांच्या खाचा फोडतो. डॅक्रॉन थोडी ताणते म्हणूनच जुन्या पद्धतीच्या धनुष्यांना मानवते.

मोजमाप झालं की धनुष्य हातभर लांब धरून मागून, म्हणजे दोरीच्या बाजूने बघा. दोरी मुठीच्या मधून गेलेली दिसली पाहिजे. लाकूड निसर्गाचं, कधीकधी एक बाजू मुरडते आणि दोरी मुठीच्या डावीकडे सरकते. तो डावा किनारा म्हणजे तुमच्या हाताची बाजू. असं धनुष्य कितीही नीट धरलं तरी अधूनमधून फटका देत राहील. ते बनवणाऱ्याकडे नेऊन सरळ करून घ्यावं. घरी तापवून पिळायचा प्रयत्न नवशिक्याने करू नये.

पंजा मुठीवर कसा बसवायचा

नवशिक्या धनुष्य हातोडा धरल्यासारखं घट्ट आवळतो. आवळलं की पंजा मुठीवर पूर्ण चढतो, तळहाताचा मधला भाग मुठीमागे येतो आणि मनगट सरकून थेट दोरीच्या रेषेत येतं. शिवाय आवळलेली मूठ दोरी सुटताना हमखास पिळवटते आणि धनुष्य हातात फिरतं.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मध्यावर ठेवा. दोरी ओढल्यावर येणारा भार अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर यायला हवा, आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला. करंगळीकडचा तळवा मुठीवर दाबायचा नाही. हे जमलं की बोटांची मुळं आपोआप तिरपी होतात, उभ्या रेषेशी साधारण ४५ अंशात. बोटं मुठीभोवती नुसती टेकलेली. धनुष्य खाली पडणार नाही एवढीच पकड.

लाकडी धनुष्याला बाण ठेवायला बहुतेक वेळा वेगळी जागा नसते, तो तर्जनीच्या मुळावर टेकतो. त्यामुळे कुणी सांगितलं म्हणून मूठ पूर्ण उघडी टाकू नका, बाण घसरेल. क्यूदोमध्ये, म्हणजे जपानी धनुर्विद्येत, बाण सुटल्यावर धनुष्य हातातल्या हातात फिरतं आणि दोरी मनगटाच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबते, म्हणून तिथे सहसा आर्मगार्ड, म्हणजे हाताच्या आतल्या बाजूला बांधायचं संरक्षण, घालत नाहीत. बघायला ते फार सुंदर असतं, पण ती पकड वर्षानुवर्षं घोटलेली असते आणि तिची दोरी ओढायची रीतही वेगळी. तीन बोटांनी ओढताना तिची नक्कल केली तर धनुष्यही निसटेल आणि हातालाही लागेल.

तपासायचं कसं? बाण न लावता दोरी निम्मी ओढा आणि मान न वळवता खाली नजर टाका. दोरी आणि मनगट यांत निदान बोटभर फट दिसली पाहिजे. बघून झालं की दोरी हळूहळू परत पुढे न्या. बाणाशिवाय दोरी कधीही सोडायची नाही. बाणाला मिळणारा सगळा जोर मग लाकडात शिरतो आणि धनुष्य तुमच्या हातात फुटू शकतं.

कोपर: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

हातावर मधोमध किंवा कोपराजवळ वळ उठणाऱ्यांपैकी बहुतेकांचा दोष एकच असतो, आणि तो एकदा समजला की फरक त्याच दिवशी दिसतो.

डावा हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे करा. कोपराच्या आतल्या बाजूला जी घडी आहे तिच्याकडे बघा. बहुतेकांची घडी वर, छताकडे तोंड करून असते आणि कोपराचं टोक जमिनीकडे. या स्थितीत हाताचा आतला मांसल भाग उजवीकडे फुगतो. दोरी नेमकी तिथूनच जाते.

आता भिंतीजवळ किंवा दाराच्या चौकटीजवळ उभे राहा. धनुष्य धरताना जसा असतो तसा तळहात खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवा, बोटं तिरपी, अंगठा वर. हलका भार द्या. तळहात जराही न हलवता कोपर फिरवा, म्हणजे टोक जमिनीकडून बाहेर, डावीकडे वळेल आणि घडी उभी होऊन उजवीकडे, म्हणजे तुमच्या छातीसमोरच्या बाजूला बघू लागेल. डोळ्यांना दिसतं की हाताचा आतला फुगवटा डावीकडे सरकला आणि दोरीला जायला मोकळी जागा झाली. हात तोच, धनुष्य तेच, फक्त दंडाचं हाड खांद्यात थोडं फिरलं.

पहिल्यांदा हे जवळपास कुणालाच जमत नाही. तळहात कोपराबरोबर फिरतो, किंवा खांदा वर उचलला जातो. म्हणून तळहात भिंतीवर टेकवायचा, भिंत त्याला फिरू देत नाही. उजव्या हाताने डावं कोपर धरून हलकेच वळवून दिलं तरी चालतं. शरीराला एकदा वाट कळली की मदत लागत नाही. भिंतीवर जमलं की हातात एखादी काठी उभी धरून तेच करा. काठी न हलता कोपर वळायला हवं. मग दोरी उतरवलेलं धनुष्य घेऊन, आणि शेवटी दोरी चढवून पाव भाग ओढून. रोज पाचेक मिनिटं पुरतात, आणि यासाठी मैदानावर जायचीही गरज नाही.

कोपर वळवायची वेळही महत्त्वाची. धनुष्य वर उचललं, अजून दोरी ओढायला सुरुवात केलेली नाही, तेव्हाच वळवून घ्या आणि मग ओढा. पूर्ण भार आल्यावर वळवायला गेलात तर खांदा हलतो आणि नेमही.

काहींचं कोपर सरळ रेषेच्याही पुढे, उलट्या बाजूला वाकतं. लवचीक सांध्यांच्या माणसांत, मुलांत आणि बऱ्याच स्त्रियांत हे दिसतं. त्यांचा हात ताठ केला की मधला भाग सरळ दोरीत शिरतो, आणि त्यांनाच सगळ्यात जास्त फटके बसतात. त्यांना ‘हात ताठ ठेव’ असं सांगणं म्हणजे त्यांना मार बसेल अशी व्यवस्था करणं. त्यांनी कोपर वळवायचं तर आहेच, शिवाय सांधा कुलूप लागल्यासारखा मागे ढकलायचा नाही. किंचित सैल, अगदी नाममात्र वाकलेला ठेवायचा. दोरी थोडी कमी ओढली जाईल, बिघडत नाही. फक्त प्रत्येक बाणाला बाक तेवढाच असू द्या, नाहीतर बाण कधी वर, कधी खाली जातील.

आपल्याला जमतंय की नाही हे स्वतःला दिसत नाही. फोन कुणाला तरी धरायला द्या किंवा तुमच्या मागे, खांद्याच्या उंचीवर ठेवून द्या आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. दोरी कुठे घासते, कोपर सुटतानाच आत वळतं का, हे त्यात स्पष्ट दिसतं. चित्रण करणाऱ्याने तुमच्या मागेच राहायचं, धनुष्याच्या पुढे कुणीही कधीही उभं राहायचं नाही.

खांदा आणि पाय

कोपर नीट असूनही दंडाला किंवा कोपराच्या वर लागत असेल तर खांदा कानाकडे चढलेला असतो किंवा छातीकडे गोळा झालेला असतो. धनुष्य उचलताना खांदा खाली दाबून ठेवा. सोपी युक्ती: आधी हात थोडा जास्त वर उचला, मग खांदा खाली सोडत हात लक्ष्याच्या रेषेत आणा, आणि मगच ओढायला लागा.

पाय खांद्याइतके फाकवून, लक्ष्याच्या रेषेला काटकोनात उभं राहायला शिकवतात. ते बरोबरच आहे. पण छाती रुंद असेल किंवा हात अजूनही दोरीजवळ येत असेल, तर डावं पाऊल रेषेपासून काही इंच मागे घ्या, म्हणजे अंग किंचित लक्ष्याकडे उघडेल. खांदा दोरीपासून दूर जातो आणि हाताला जागा मिळते. उलट केलंत, डावं पाऊल पुढे सरकवून लक्ष्याकडे पाठ वळवलीत, तर हात थेट दोरीत जातो. अनेक जण नकळत असे उभे असतात.

धनुष्य झेपतंय का?

जड धनुष्य ओढताना माणूस सगळी मोडतोड करतो. खांदा चढतो, मूठ आवळली जाते, कोपर आत येतं, हात थरथरतो. वर लिहिलेली एकही गोष्ट अशा वेळी लक्षात राहत नाही. शिकणाऱ्या प्रौढाने २० ते २५ पौंडांच्या (हे धनुष्याचं वजन नाही, दोरी ओढायला लागणारा जोर) धनुष्यावर सुरुवात करावी, मुलांनी त्याहून बरंच हलकं घ्यावं. कसोटी साधी: पूर्ण ओढून दोन-तीन सेकंद न थरथरता धरता आलं आणि हळूहळू परत नेता आलं, तर झेपतंय. त्याहून जास्त वेळ धरून ठेवू नका, लाकडाला ते सोसत नाही. ओढण्याची लांबीही आपल्यापुरतीच ठेवा. बाण हनुवटीच्या मागे आणायच्या हट्टाने डावा हात पुढे ताणला जातो आणि खांदा आत येतो.

हलक्या धनुष्याचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जोराचा फटका एकदा बसला की पुढच्या बाणाला हात आधीच घाबरलेला असतो. दोरी सुटायच्या क्षणी कोपर दचकून आत येतं किंवा धनुष्य बाजूला झटकलं जातं, आणि त्यामुळे दुसरा फटका बसतो. मग भीती वाढते. या चक्रात अडकलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ सांगून काही उपयोग नसतो. त्याच्या हातात हलकं धनुष्य द्या, जाड आर्मगार्ड घालू द्या, ५ मीटरवर मोठं लक्ष्य ठेवा आणि नेमाचा विचारच करू नका म्हणावं. दोरी हाताला न लागता वीस-पंचवीस बाण गेले की शरीर स्वतःच शांत होतं. मुलांच्या बाबतीत तर हे कटाक्षाने पाळा. पहिल्याच दिवशी हात काळानिळा झालेलं मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

दोरी सोडताना

बोटांवरून सुटताना दोरी त्यांच्या टोकांना वळसा घालून जाते, त्यामुळे ती सरळ न जाता आधी थोडी डावीकडे, म्हणजे हाताच्या बाजूला सरकते आणि मग नागमोडी पुढे जाते. हे थोडंफार प्रत्येकाचं होतं. पण उजवा हात गालापासून बाहेर झटकून दोरी छेडल्यासारखी सोडली तर ही नागमोड खूप वाढते. दोरी सोडायची म्हणजे बोटं सैल करायची, बस. पाठीच्या स्नायूंनी ओढणं चालूच ठेवलं तर हात आपोआप जबड्याला घासत मागे, कानाकडे जातो. बोटांवर टॅब (बोटं झाकणारा कातड्याचा तुकडा) किंवा हातमोजा घाला, दोरी गुळगुळीत सुटते.

बाण कुठे लागला हे बघायला मान उचलू नका आणि डावा हात खाली पाडू नका. बाण लक्ष्यावर लागल्याचा आवाज येईपर्यंत हात होता तिथेच राहू द्या.

आर्मगार्ड आणि कपडे

इतकं सगळं नीट केलं तरी आर्मगार्ड घालावाच. थकलेला हात, थंडीने आखडलेले सांधे, उतारावर उभं राहणं, एखादा बाण चुकतोच. हे संरक्षण फार जुनं आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या ७५ व्या सूक्तात हस्तघ्न येतो, सापासारखा हाताला वेढा घालून दोरीचा मार परतवणारा. आणि विराटाच्या नगरीत बृहन्नडा होऊन राहायचं ठरल्यावर अर्जुनाला पहिली चिंता पडते ती हातांवरच्या दोरीच्या घट्ट्यांची. ते झाकायला तो बांगड्या भरतो. सव्यसाची असल्याने घट्टे दोन्ही हातांवर होते. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश जहाजावरही कातडी आर्मगार्ड सापडले आहेत. तेव्हा आर्मगार्ड घालण्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. लांबी मनगटापासून कोपराच्या अलीकडे दोन-तीन बोटांपर्यंत असावी. मनगटापुरता छोटा नवशिक्याच्या कामाचा नाही. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत, कडक कातड्याचा, म्हणजे दोरी अडकण्याऐवजी घसरून जाईल. बकल, हुक, गाठी हाताच्या बाहेरच्या बाजूला यायला हव्यात, आतल्या बाजूला काहीही उंच नको. घातल्यावर मुठी वळून बघा. बोटांना मुंग्या येत असतील तर पट्टे जास्त आवळले आहेत.

सैल बाह्या, घड्याळ, कडं, लोंबती साखळी, खिशातला पेन, मोकळे केस, हे सगळं दोरीच्या वाटेतून दूर. जाड कोट घालावाच लागला तर बाही आर्मगार्डखाली घट्ट बसवा. छातीला दोरी लागत असेल तर चेस्ट गार्ड मिळतो, तो घाला. तर्जनीच्या मुळावर बारीक कापल्यासारखं होत असेल तर तो दोरीचा फटका नाही, बाणाच्या पिसाचं पुढचं टोक तिथे ओरखडतं. त्या टोकावर दोरा गुंडाळून घट्ट करा किंवा पातळ हातमोजा घाला.

आर्मगार्डचा एक तोटा मात्र ओळखून असा. तो दुखू देत नाही, म्हणून चूक लपते. अधूनमधून त्याच्यावर टाल्कम पावडरचा किंवा खडूचा पातळ थर द्या आणि पाच-सहा बाण मारा. दोरी जिथे घासली तिथे रेघ पुसलेली दिसेल. रेघ नेहमी एकाच जागी येत असेल तर वर जाऊन त्या जागेचं कारण पुन्हा वाचा. एखाद-दुसराच बाण घासत असेल तर थकवा आला आहे, त्या दिवसापुरतं थांबा.

लागलंच तर

त्या दिवशी तिरंदाजी बंद. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बर्फ थेट कातडीवर लावू नका. पहिल्या दिवशी चोळू नका, शेकूही नका. कातडी फाटली असेल तर साबण-पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधा. काळंनिळं पडलेलं आठ-पंधरा दिवसांत हिरवट-पिवळं होत विरतं. सूज वाढतच चालली, बोटं बधिर झाली, मूठ वळताना जोर लागेनासा झाला किंवा जखम तापली तर डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी थांबून न राहता दाखवावं.

परत सुरुवात करताना दाबून दुखत नाही ना ते बघा, ब्रेस हाइट मोजा, भिंतीवर कोपर दोन-चारदा वळवा आणि पहिले बाण ५ मीटरवरून, पावडर लावलेल्या आर्मगार्डवर मारा.